पडद्यांविषयी चर्चा

पडदेवाल्यांच्या पाकिटात चार क्रेडिट कार्डे होती. निळे दुकानासाठी, लाल घरासाठी, तिसरे बँकेने सोबत प्रवासी बॅग फुकट दिली म्हणून, आणि चौथे घ्यायचे कारण असे, की बँकेतली मुलगी फोनवर इतक्या आपुलकीने बोलली की नाही म्हणणे त्यांच्या जिवावर आले. चारही कार्डे आपापले काम चोख करीत होती. घोळ होता तो हाताचा. घाईत जे कार्ड बोटांना लागेल ते पुढे केले जाई, आणि वर्षअखेरीस असे निष्पन्न झाले की दुकानाने टूथपेस्ट वापरली असून घराने अस्तराच्या कापडाचा अख्खा तागा संपवला आहे.

करसल्लागारांनी त्यांना बोलावून घेतले.

"ही टूथपेस्ट दुकानाच्या खर्चात कशी?"

"गिऱ्हाईकाशी बोलायच्या आधी मी दात घासतो."

"तो तुमचा खासगी निर्णय आहे," करसल्लागार म्हणाले. मग त्यांनी नियम सांगितला. निळे म्हणजे धंदा, लाल म्हणजे घर. उरलेली दोन कपाटात. यात गफलत झाली तर दंड होईल, आणि तो दंड कोणत्या कार्डावर भरायचा हा नवा प्रश्न उभा राहील.

पडदेवाले शिस्तीचे गृहस्थ होते. ते तसे वागू लागले. पण बायकोच्या वाढदिवसाला सगळे हॉटेलात जायला निघाले, तेव्हा लाल कार्डाची मर्यादा मुलीच्या शाळेच्या फीने संपवून टाकलेली होती. त्यांनी घाबरत करसल्लागारांना फोन लावला.

"जेवताना गिऱ्हाईक हजर असेल, तर जेवण धंद्याचं," करसल्लागार म्हणाले. "फोटो काढा. पावतीमागे उद्देश लिहा."

गिऱ्हाईक एकच हाताशी होते. एका मोठ्या शुश्रूषागृहाचे खरेदी अधिकारी. त्यांना सगळ्या खोल्यांना पडदे लावायचे होते आणि ते रंगापाशी अडले होते. माणूस एकटा, सडाफटिंग, बोलायला गोड. बोलावल्याबरोबर आले. पडदेवाले प्रामाणिक असल्यामुळे पडद्यांची चर्चा खरोखरच झाली. सूप येईपर्यंत फिकट हिरवा, सूप संपेपर्यंत राखाडी. केक कापताना अधिकारी मधोमध उभे राहिले आणि बायको जराशी कडेला, कारण ती गिऱ्हाईक नव्हती. पावतीमागे पडदेवाल्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'पडद्यांविषयी चर्चा'.

युक्ती लागू पडली म्हटल्यावर ती एकदाच वापरणे हा मूर्खपणा ठरला असता. लग्नाच्या वाढदिवसाला अधिकारी आले. मुलीच्या वाढदिवसाला आले. सुट्टीत तलावाकाठी दोन दिवस राहायला गेले तेव्हाही आले, आणि नावेत बसून चुण्या किती अंतरावर घ्याव्यात यावर बोलले. मुलीला ते अपूर्णांक शिकवत. बायको त्यांना भाऊजी म्हणू लागली आणि त्यांना तिखट चालत नाही हे लक्षात ठेवू लागली. गावाहून आलेल्या मावशीने फोटोंचा आल्बम चाळून विचारले, "हे तुझे थोरले दीर का गं?"

"नाही, त्यांना अजून रंग ठरवायचाय," बायको म्हणाली. मावशींनी आल्बमचे पान उलटले.

अधूनमधून अधिकारी म्हणत, "मग राखाडी पक्का करू या का?" तेव्हा पडदेवाले दचकत. ऑर्डर नक्की झाली की हे जुने गिऱ्हाईक होणार, आणि जुन्या गिऱ्हाइकाला करसल्लागारांच्या मते फक्त चहा पाजता येत होता.

"घाई कसली?" ते म्हणत. "उन्हात राखाडी कसा दिसतो ते तुम्ही पाहिलंच नाहीत."

आणि आश्चर्य म्हणजे, अधिकाऱ्यांनाही हायसे वाटल्यासारखे दिसे. अशी दोन वर्षे गेली. जगात पडदा विकू न पाहणारा पडदेवाला आणि विकत न घेणारे गिऱ्हाईक यांचे इतके कुठे जमले नसेल.

मग एका दुकानात रॉड बसवताना पडदेवाले शिडीवरून पडले. पाय मोडला. लोकांनी उचलून जवळच्या शुश्रूषागृहात नेले, आणि ते नेमके तेच निघाले.

खोली पश्चिमेची होती. खिडकी मोठी, उघडीबोडकी. दुपार झाली की ऊन आधी पायाच्या प्लॅस्टरवर, मग छातीवर आणि शेवटी सरळ डोळ्यांत. शेजारच्या खाटेवर एक आजोबा तोंडावर टॉवेल घेऊन पडले होते. त्यांना वाटले होते, ही उपचाराचीच पद्धत आहे.

पडदेवाल्यांनी पडल्या पडल्या करसल्लागारांना फोन केला. "साहेब, इथलं बिल कोणत्या कार्डावर?"

"आजारपण खासगी असतं. तिथे काही काम केलंत का?"

पडदेवाल्यांनी बायकोकडून टेप मागवला. मोडका पाय सावरत, तिच्या खांद्याला धरून, कळ सोसत त्यांनी खिडकी मोजली.

"अहो, झोपा ना आता," बायको म्हणाली.

"अगं, रुंदी राहिली."

तेवढ्यात अधिकारी फुले घेऊन आले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यांनी विचारपूस केली, उशी नीट केली, मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मग नर्सच्या हातात मोबाइल देऊन म्हणाले, "आमचा एक फोटो काढता का? टेप दिसू दे."

बायकोने विचारले, "भाऊजी, टेप कशाला?"

अधिकारी क्षणभर गोंधळले. मग माणूस मुळात सरळ असल्यामुळे त्यांनी सांगून टाकले. "वहिनी, आमच्याकडे बैठकीचा भत्ता मिळतो. पुरवठादाराशी चर्चा केली की. पुरावा जोडावा लागतो."

"म्हणजे माझ्या वाढदिवसाला…"

"बैठक."

"आणि तलावावर?"

"दोन दिवसांची बैठक. नावेचा फोटो तर वरच्या साहेबांना फार आवडला."

पडदेवाल्यांना राग यायला हवा होता. पण त्यांना एखाद्या चांगल्या कारागिराविषयी दुसऱ्या कारागिराला वाटतो तसा आदर वाटला, आणि त्याच्या खाली कुठेतरी कसनुसे झाले. आपल्यालाही कोणीतरी पावतीमागे लिहिले आहे, हे त्यांच्या मनात कधी आलेच नव्हते.

"तुमच्या दुकानाने जेवू घातलं, यांच्या संस्थेने पाठवलं," बायको फुले पाण्यात ठेवत म्हणाली. "मग दोन वर्षं माझ्या घरी आलं कोण, आणि बोलावलं कोणी?"

दोघेही खिडकीकडे पाहू लागले. तिथे पाहवत नव्हते, ऊन होते.

शेजारच्या आजोबांनी टॉवेल बाजूला केला. "एक मिनिट. दोन वर्षं तुम्ही दोघं जेवताय, म्हणून माझ्या डोळ्यांत ऊन येतंय?"

आजोबांनी तक्रार केली. व्यवस्थापनाने चौकशी समिती न नेमता, म्हणजे अगदीच अनियमितपणे, एका मोठ्या दुकानातून तयार पडदे मागवले. आठवड्याभरात लागलेसुद्धा. रंग पिवळा होता. त्यावर कोणीही कोणाशीही चर्चा केली नव्हती. अधिकाऱ्यांकडे फिनेलची खरेदी सोपवण्यात आली, आणि लवकरच एका फिनेलवाल्याच्या नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोत ते मधोमध दिसल्याचे पडदेवाल्यांच्या कानावर आले. त्यांना ते लागले. का लागले, हे त्यांना सांगता आले नसते.

पाय बरा झाला. उपचाराच्या बिलाचे लाल कार्डावरचे हप्ते फिटले. मुलीचा वाढदिवस आला.

"काका येणार ना?" तिने विचारले.

"आता काही काम नाहीये गं त्यांच्याकडे."

"मग मोकळेच असतील," मुलगी म्हणाली.

बायकोने फोन आणून नवऱ्यासमोर ठेवला.

"शनिवारी हॉटेलात जेवायला या," पडदेवाले म्हणाले.

"येतो. कशासंबंधी?" सवयीने अधिकाऱ्यांनी विचारले.

पडदेवाल्यांनी बराच विचार केला. रंग संपले होते, चुण्या संपल्या होत्या. "सहज," ते म्हणाले.

पलीकडून प्रश्न आला. "असं करता येतं?"

"माहीत नाही. पण या तुम्ही."

अधिकारी आले. स्वतःच्या पैशाने भेटवस्तू घ्यायची सवय मोडल्यामुळे दुकानात बराच वेळ नुसते उभे राहिले होते, असे त्यांनीच सांगितले. सुरुवातीला बोलायला काही सुचेना. एकदोनदा अस्तराचा विषय निघाला आणि आपोआप मिटला. मग मुलीने शाळेतल्या बाईंची नक्कल केली आणि टेबलावर हसू फुटले. फोटो काढायचा राहूनच गेला.

सोमवारी पडदेवाल्यांनी सवयीने नेऊन दिलेली हॉटेलाची पावती करसल्लागारांनी उलटसुलट करून पाहिली. "उद्देश?"

"सहज."

त्यांनी मंजूर उद्देशांची यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "असा उद्देश यात नाही," ते म्हणाले. "'किरकोळ'मध्ये टाकतो."

ज्या वाचकांना या मंडळींचे हसू आले असेल, त्यांनी आपण शेवटचे कोणाकडे सहज गेलो होतो ते आठवून पाहावे. आठवत नसेल, तर पावती शोधावी.