आबांची काडतुसं

पावसाळा सरला की आमच्या लालबागच्या चाळीत, गॅलरीतल्या उन्हात तीन गोष्टी वाळत असतात: पापड, मिरच्या आणि काडतुसं. पापड-मिरच्या कुणाच्याही असतील. काडतुसं आबा परबांची.

आबा माझे शेजारी. वय पंचाहत्तर. गावच्या भातात रानडुकरं घुसतात, म्हणून त्यांच्याकडे रीतसर परवाना आणि वडिलांची जुनी बंदूक आहे. बंदूक गावी कुलपात, काडतुसं इथे लोखंडी कपाटात. कापणीआधी आबा गावी निघतात आणि त्याआधी आठवडाभर तपासणी चालते. एकेक काडतूस कानाशी धरून हलवायचं, बुडाकडून न्याहाळायचं, मग कॅरमबोर्डावर घरंगळत सोडायचं. सरळ गेलं ते पास. वाकडं गेलं त्याला सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. नोकरीची सगळी वर्षं मिलमध्ये कापड तपासण्यात गेली. सवय काही जात नाही.

"आबा, डुक्कर काय सर्टिफिकेट मागतं?" मी एकदा विचारलं.

"अरे मेल्या, खात्री नको?"

समोरच्या काकू ओरडतात, "भावोजी, माझ्या पापडांत एक जरी उडालं ना!"

"उडायलाच हवंय, वहिनी! तेच तर बघतोय."

एवढं करून आबांनी आजवर एकही डुक्कर मारलेलं नाही, असं त्यांचा मुलगाच सांगतो.

यंदा मुलाला रजा मिळेना, त्यात निघायला चार दिवस उशीर झाला, म्हणून सोबत मी गेलो. घर उघडलं आणि चहासुद्धा न घेता आबा बंदूक घेऊन खाडीकाठच्या बांधावर. "चाचणी," म्हणाले. समोरच्या मातीच्या ढिगाऱ्यावर नेम धरून चाप ओढला. टक्. दुसरं काडतूस भरलं. टक्. दोन्ही पास झालेली! मला हसू फुटलं, पण आबांचा चेहरा पार उतरला होता. तरी तिसरं भरायला घेतलं.

"राहू दे ना आबा. डुकरं उद्या बघू."

"डुकरं गेली खड्ड्यात!"

तिसरा बार असा दणाणला की खाडीतले बगळे उठले. आबांनी ढिगाऱ्याकडे पाहिलंच नाही. खाडीपलीकडे कान लावून उभे राहिले. मी बोलायला गेलो, तर हातानेच गप्प केलं. बराच वेळ काही नाही. मग पलीकडच्या माडांतून कुणीतरी डबा बडवल्याचा आवाज आला.

"जिवंत आहे," आबा म्हणाले.

"काडतूस ना?"

"बाय माझी. थोरली बहीण. एकटीच असते पलीकडे. फोनवर तिला काय ऐकू येत नाय, बार तेवढा येतो. ऐकला की डबा बडवते नि माझा भात टाकते."

बंदूक कुलपात ठेवून आबा होडीवाल्याला हाका मारत उतारावरून असे सुटले की त्यांना गाठताना मला धाप लागली.

पलीकडे दारातच एक वाकलेली म्हातारी बसली होती, मांडीवर रिकामा डबा.

"खंय होतंस रे?" ती आबांवर खेकसली. "चार दिस डबो घेऊन बसलंय."