थोरल्या बाईसाहेबांची वाळवंटातील स्वारी

श्री. साऱ्या वाटा ज्याच्या हाती त्या दैवतास दंडवत घालून वर्तमान लिहितो ऐसे जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ मासी, दौलतीतील तिघी जावा वाळवंट ओलांडून महानगरास जात्या जाहल्या. कारण की, मधल्या सगुणाबाईंची कन्या मंजुळा हिने आपल्या मर्जीने लग्न केले, आणि थोरल्या भागीरथीबाईसाहेबांनी रागे भरून तिजशी बोलणे सोडिले होते. मग मंजुळा बाळंत जाहल्याची खबर महानगराहून आली आणि सगुणाबाईंस अन्न गोड लागेना. धाकट्या वेणूबाई जीप हाकण्यात तयार, त्या म्हणाल्या, "मी नेते." आणि सकाळी निघावयास येऊन पाहतात तो थोरल्या बाईसाहेब मांडीवर बोचके घेऊन जीपमध्ये पुढेच बसल्या आहेत! पुसण्याची छाती कोणास जाहली नाही.

मग दोन्ही अंगांस वाळूच वाळू आणि मध्ये सडक, ऐसे चालिले. दुपारी वारा सुटला, आणि सडक वाळूखाली गेली, आणि जीपचे मागील चाक रुतले. वेणूबाईंनी जोर केला तो ते अधिकच खाली गेले. सगुणाबाई धक्के देऊन थकल्या आणि रडू लागल्या की, "माझ्या नशिबी लेकीचे तोंड पाहणे नाही." तेव्हा बाईसाहेब उतरल्या, बोचके सोडिले आणि आतील भरजरी शालू चाकाखाली अंथरिला.

"अहो जाऊबाई, कोरा शालू!" सगुणाबाई बोलिल्या.

"मंजुळेच्या लग्नासाठी घेतला होता, तो रागाने पेटीत ठेविला. वेणू, चालव."

जीप उसळून बाहेर आली आणि शालूच्या चिंध्या जाहल्या. बाईसाहेबांनी त्याजकडे पाहिलेही नाही. मग तिसरे प्रहरी महानगर लागले. उंच इमारती, गाड्यांची दाटी. वेणूबाईंनी पुसत पुसत घर गाठिले. मंजुळा मूल घेऊन दारी आली. आईस पाहून हसली, आणि थोरल्यांस पाहून हसणे थांबले.

"मंजुळे, रिकाम्या हाती आले आहे," बाईसाहेब बोलिल्या. "आत घेशील?"

मंजुळेने त्यांच्या पायांकडे पाहिले. मग म्हणाली, "मोठ्या काकी, आधी पाय धुवा. घरभर वाळू होईल."

बाईसाहेबांनी पाय धुतले, आणि पदराने डोळेही पुसले.

येणेप्रमाणे स्वारी सिद्धीस गेली. तिघी माघारी आल्यावर दौलतीतील पुरुषांनी कोठे गेला होतात ऐसे पुसिले, तो बाईसाहेब म्हणाल्या, "लेकीकडे." इतकेच वर्तमान.