भिंतीवरचे पुगळेंदी

दूधवाल्याने पुगळेंदींना दारात पाहिलं आणि त्याच्या हातातल्या पिशव्या सुटल्या. एक फुटली. दूध पायरीवरून ओघळत पुगळेंदींच्या चपलेपर्यंत आलं, तरी तो वाकेना.

"अण्णा, तुम्ही... आहात?"

"आहे की. कुठं जाऊ?"

दूधवाल्याने समोरच्या भिंतीकडे बोट केलं आणि सायकलवर टांग टाकून पळाला.

भिंतीवर पुगळेंदी होते. पुरुषभर उंच, हसरे, डोक्यामागे तेजोवलय, दोन्ही बाजूंना समया आणि वर ठळक अक्षरांत 'अश्रूंची आदरांजली'. चेन्नईच्या या सालिग्रामम भागात कुणी गेलं की असे कागद भिंतींवर चढतात.

पुगळेंदी म्हणजे तमिळ सिनेमातला हरकामी माणूस. त्यांनी न्यायाधीश केले, खुनी केले, एकदा नायकाची आजीसुद्धा केली. दुसऱ्यांना संवाद लिहून दिले. दर रविवारी टीव्हीवर पाहुण्यांना सोफ्यावर बसवून बोलतं केलं. आदल्या दिवशी गल्लीत त्यांनीच लिहिलेल्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. त्यात ते मरणारा बाप होते. "कागद खरेखुरे चिकटवा, खोटं दिसता कामा नये," हा हट्टही त्यांचाच. ते काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही. खाली बापाचं नाव 'सभापती' छापलं होतं, पण एवढा ओळखीचा चेहरा दिसल्यावर नाव कोण वाचतो?

तेवढ्यात शेजारचे विश्वलिंगम गुलाबांचा जाडजूड हार घेऊन हुंदके देत आत आले आणि व्हरांड्यात पेपर उघडून बसलेले पुगळेंदी पाहून मटकन खाली बसले. सगळा खुलासा ऐकल्यावर त्यांना वेगळीच काळजी पडली.

"पण हा हार? परत नेला तर बायको घरात घेणार नाही."

"मग घाला माझ्या गळ्यात."

"घालतो. आणि फोटो काढून गल्लीत सगळ्यांना पाठवतो, म्हणजे शंकाच नको."

फोटो निघाला त्या क्षणी पुगळेंदींची पापणी लवली. वेताची खुर्ची, गळ्यात हार, मिटलेले डोळे, कललेली मान. गल्लीतून तो फोटो गावभर गेला तेव्हा त्याला कुणीतरी 'अंत्यदर्शन' असं नाव दिलं होतं.

"अहो, मदुरैहून आत्या," बायको तामरैने फोन पुढे केला. "रडताहेत."

"आत्या, मीच बोलतोय."

पलीकडून किंकाळी आली, मग धाडकन आवाज.

"फोन पडला वाटतं," पुगळेंदी म्हणाले.

"फोन कसला? आत्याच पडल्या असतील! मी तुमच्या आतेभावाला लावते."

आत्या शुद्धीवर आल्याचं कळेपर्यंत पुगळेंदींना घाम फुटला. त्यांनी घाईघाईने स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवला. "मी जिवंत आहे, सुखरूप आहे." लगेच उत्तरं आली. 'किती जिवंत अभिनय! असा नट पुन्हा होणे नाही.'

दाराशी गाडी थांबली. त्यात काचेची शीतपेटी होती.

"बॉडी कुठाय?" ड्रायव्हरने विचारलं.

"मीच तो."

ड्रायव्हरने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, मग आम्हाला बोलवायची घाई करायला नको होती हो!"

"अहो, इकडे या! लवकर!" तामरै आतून ओरडली.

टीव्हीवर पुगळेंदींचाच सोफा होता आणि त्यावर मणिक्कवेल रडत होता. एकेकाळी पडद्यावर दोघांची जोडी होती. पाठ केलेले संवाद धडाधड म्हणणारा मणी स्वतःचं बोलताना अडखळायचा. याच सोफ्यावर पुगळेंदींनी त्याची नक्कल केली, प्रेक्षक खो खो हसले आणि मणी मुकाट्याने उठून गेला. त्यानंतर कैक वर्षं तो त्यांच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

"त्याने ए... एकदाच माझ्याशी बोलावं," मणी म्हणत होता. "मी सगळं वि... विसरेन."

पुगळेंदी तसेच बाहेर धावले. गल्ली माणसांनी भरली होती, रिक्षा मिळणं शक्य नव्हतं. ते शीतपेटीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी चढले. त्या गाडीला मात्र सगळे वाट देत होते. हार गळ्यातच राहिला होता. सिग्नलला एका बाईने आधी काचेच्या रिकाम्या पेटीकडे पाहिलं, मग पुगळेंदींकडे, आणि स्कूटर फुटपाथवर घातली.

स्टुडिओत कुणी अडवलंच नाही. जो तो भिंतीला चिकटून उभा राहिला. कॅमेरे चालू असतानाच पुगळेंदी सोफ्यासमोर आले. मणिक्कवेलचा चेहरा पांढराफटक पडला.

"मणी, चुकलं माझं. मी तुझी नक्कल करायला नको होती."

"तू... तू... मे... मे..."

आयुष्यभर दुसऱ्यांचे संवाद पुरे करून देणारे पुगळेंदी या वेळी गप्प उभे राहिले. वाट पाहत.

"...मेला नाहीस?"

"नाही रे."

"मग मी एवढा वेळ कु... कुणासाठी रडलो, गाढवा?" असं म्हणून मणीने आधी त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्यांना घट्ट मिठी मारली. दोघांच्या मध्ये हाराचा चुराडा झाला.

दुपारी दोघं घरी आले तर स्वयंपाकघरात डबेच डबे. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आळीने दहीभात, लिंबूभात, रसम, सगळं धाडलं होतं. परत नेतो म्हणायला कुणीच तयार नव्हतं. तामरैने केळीची पानं मांडली.

"मणी," पुगळेंदींनी भात कालवत हळूच विषय काढला, "टीव्हीवर म्हणालास, माझ्याएवढा मोठा नट तमिळमध्ये झाला नाही."

"ते गे... गेलेल्या माणसाबद्दल."

"आणि जिवंत असलेल्याबद्दल?"

मणिक्कवेलने घास गिळून बराच विचार केला.

"तो जरा जा... जास्तच करतो," तो म्हणाला आणि वाटी पुढे केली. "वहिनी, रसम वाढा."