उद्घाटनापूर्वी कापड काढू नये

१९८९ सालच्या दसऱ्याला जळगावात 'खान्देश संगणक प्रगती मंडळ' रीतसर स्थापन झाले. सभासद एकेचाळीस, संगणक एक. घटनेच्या तिसऱ्या कलमात 'प्रत्येक सभासदाने दुसऱ्या सभासदास वर आणावे' असे नमूद होते. मंडळाची खोली अवघड जिन्यावर असल्यामुळे, वयस्कर सभासदांच्या बाबतीत या कलमाची अंमलबजावणी पहिल्याच दिवशी झाली.

संगणक अध्यक्ष नेमीचंदशेठ यांनी देणगीदाखल दिला होता. शेठजींचे कापडाचे दुकान खालीच असल्याने, तो जरीकाठी लाल सॅटिनमध्ये नखशिखांत झाकूनच वर आला. ठराव क्रमांक एक : योग्य व्यक्तीच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत कापड काढू नये. एका मंत्रिमहोदयांनी तारीख दिली, पण तारखेच्या आधी त्यांचे खाते गेले. नव्या मंत्र्यांनी 'कळवतो' असे कळवले.

"तोवर सभासदांची प्रगती थांबता कामा नये," चिटणीस लीलाधर नाना म्हणाले. नाना निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी शेठजींच्या दुकानातून शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे आणवले, त्यांवर शाईने इंग्रजी अक्षरांची बटणे आखली आणि प्रत्येकाला एकेक पुठ्ठा दिला. पण पुठ्ठ्यावर बटण दाबून दिसणार काय? म्हणून ठराव क्रमांक चार : एका सभासदाने दुसऱ्याचा संगणक व्हावे.

सुकदेव पडदा झाला. समोरचा जे बटण दाबेल ते अक्षर तो मोठ्याने म्हणे. उखर्डू आबांना अख्ख्या तालुक्याचे बांधाचे तंटे तोंडपाठ, म्हणून ते स्मरणशक्ती झाले. "मन्हा ध्यानमा बठ्ठं शे," म्हणजे सगळे माझ्या ध्यानात आहे, असे ते दर अर्ध्या तासाने जाहीर करत. माझे अक्षर बरे, म्हणून मी छपाईयंत्र. चहा आल्याशिवाय आमच्यापैकी कोणीही सुरू होत नसे. वेगाच्या परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले, कारण पुठ्ठ्यावर चूक उमटत नाही.

या सगळ्यात खरोखर शिकायला आलेली एकच व्यक्ती होती : मेहरूणच्या सुनंदाबाई. त्या ज्या जिनिंगच्या कचेरीत टंकलेखन करत, ती कचेरी बंद पडत होती. धुळ्याच्या एका बियाणे कंपनीत संगणकाची जागा निघाली होती. ती मिळाली तर दोन मुलांची शाळा सुरू राहणार होती.

फेब्रुवारीत मुलाखत झाली. सुनंदाबाईंनी खऱ्या यंत्रासमोर बसून दोन ओळी सफाईने टाइप केल्या, हात जोडले आणि शेजारी बसलेल्या कारकुनाला विचारले, "भाऊ, काय उमटलं ते सांगा ना." समोर पडदा होता, पण पडद्याकडे बघायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. साहेब भला माणूस. "आठ दिवस सराव करून या," म्हणाला.

त्या थेट मंडळाच्या सभेत आल्या. "आठच दिवस कापड काढा. मी रोज पुसून परत घालीन."

"बाई, आधीच उघडलं, तर मग उद्घाटन कशाचं करायचं?" शेठजी म्हणाले.

सुकदेव तर उभाच राहिला. "पडदा म्हणून मला चार महिन्यांचा अनुभव आहे. त्या यंत्राला किती आहे?"

मतदान झाले. चाळीस विरुद्ध एक. चाळिसांत माझाही हात होता. खोटे कशाला बोलू, छपाईयंत्राला मंडळात मान होता आणि तो मला सोडवत नव्हता. सुनंदाबाईंचा हिरमोड होऊ नये म्हणून त्यांना शून्य चुकांचे प्रमाणपत्र देण्यात आले. ते त्यांनी टेबलावरच ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटेच्या एसटीने रोज धुळ्याला गेल्या. जेवणाच्या सुट्टीत तो कारकून डबा खायचा आणि त्या त्याच्या यंत्रावर बसायच्या. आठव्या दिवशी नोकरी मिळाली.

मंडळाने तातडीची सभा घेतली. विषय : मंडळाने घडवलेल्या पहिल्या संगणकतज्ज्ञाचा सत्कार. योग्य व्यक्तीही आयतीच सापडली होती, म्हणून त्यांच्याच हस्ते उद्घाटन ठरले. सुनंदाबाईंनी कापड ओढले, बटण दाबले. पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. टाळ्या झाल्या. उखर्डू आबा यंत्राजवळ वाकून म्हणाले, "माले वळखस का?" यंत्र गप्प. "मंग हाई काय कामनं!" आबा खुर्चीत परतले.

दहा मिनिटांनी शेठजींनी कापड पुन्हा घातले.

"शेठजी, आता तर उद्घाटन झालं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"झालं ना. म्हणूनच आता जपायला हवं."

सुनंदाबाईंनी सत्काराची शाल खुर्चीवर ठेवली आणि धुळ्याची एसटी गाठली. मला लाज वाटली. घरी येऊन मी बायकोला सगळे सांगितले, मंडळाच्या मूर्खपणाला पोटभर हसलो आणि चहा मागितला. तो नेहमीच्या, कान तुटलेल्या कपातून आला. समोर शोकेसमध्ये आमच्या लग्नातला बारा कपांचा सेट होता. अठरा वर्षे झाली, बशांवरची दुकानाची चिठ्ठीही निघालेली नाही. शोकेसची किल्ली माझ्याच खिशात असते. पाहुणे आले तर लागतो, म्हणून ठेवलाय.

वाचकहो, तुम्हीही आता हसत असाल. हसा. फक्त हातात कप असेल, तर तो कोणता आहे तेवढे बघा.