भाजलेले दाखले

मिनेसोटातल्या एका जिल्ह्याच्या अभिलेखागारात वेंडेल टॉर्सनने एकोणीस वर्षं लोकांचे कागद जिवापाड जपले. स्वतःचे प्रशिक्षणाचे दाखले मात्र त्याने घरी तळघरात, गरम पाण्याच्या टाकीखाली, खोक्यात ठेवले. (तेवढीच जागा रिकामी होती.) अभिलेखपाल म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी हे दाखले पाठवून नवं करून घ्यावं लागे, नाहीतर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. मुदत सोमवारची, आणि टाकी फुटली शनिवारी!

वेंडेल घाबरला नाही. भिजलेले कागद आधी गोठवायचे, हे त्यानेच जिल्हाभर शिकवलं होतं. फ्रीझरमधले मटार काढून त्याने दाखल्यांचं पुडकं फॉइलमध्ये गुंडाळून आत सरकवलं. बायकोला सांगायची मात्र हिंमत झाली नाही. 'ते खोकं तिथून हलव' म्हणून लोरीन तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होती.

रविवारी चर्चहून येताच सासूबाई स्वयंपाकघरात शिरल्या. तासाभराने घरभर जळका वास सुटला.

"जावईबापू, फ्रीझरमधला हा कसला हो तुमचा कॅसरोल? जेवायला म्हणून ओव्हनमध्ये भाजला, तर वर शिक्काबिक्का दिसतोय!"

लोरीनने चिमट्याने एक काळा तुकडा उचलून मोठ्याने वाचला, "'आग व पाण्यापासून दस्तऐवजांचं संर...' पुढचं जळलंय. वेंडेल?"

धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं. सासूबाईंनी त्याच्या ताटात दोन बटाटे जास्त वाढले. ते तर फारच लागलं.

सोमवारी त्याने प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला फोन लावला.

"दाखले भिजले म्हणता?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"हो. आणि मग... भाजले."

"भाजले? कोणी?"

"सासूबाईंनी. पण चूक माझीच." मग टाकी, मटार, फॉइल, सगळं त्याने कबूल केलं.

"मिस्टर टॉर्सन, तुमचं नूतनीकरण मार्चमध्येच झालंय. दाखल्यांच्या प्रती तुमच्या पत्नीने पाठवल्या होत्या."

वेंडेलने वळून पाहिलं. लोरीन मागेच उभी राहून ऐकत होती.

"अर्जावर सही तूच केलीस," लोरीन म्हणाली. "पेपरातून डोकं वर न काढता."

"मग बाई, आत्ता सांगितलं ते विसरून जा ना," वेंडेल फोनवर काकुळतीला आला.

"असं कसं? आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात."

"किती दिवस ठेवता?"

"कायम. तो नियम करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तुम्हीच होतात, सर."