ओट्याला अनुदान नाही

माणसाचं मन बिघडलं तर ते दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी आधी इमारत लागते, हे शासनाने फार पूर्वीच ओळखलेलं आहे. भागीरथीला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती आपली इमारतीशिवायच नवऱ्याला बरं करत बसली होती.

नवरा म्हणजे दत्तू. कोपरखैरण्याची भातखाचरं नव्या शहरासाठी गेली, त्यात त्याचंही गेलं, आणि तेव्हापासून तो बोलेनासा झाला. (प्रगतीच्या आड न येण्याची ही फार सभ्य रीत आहे.) भागीरथीने देवऋषी केला, ठाण्याचा डॉक्टर केला, आणि शेवटी कंटाळून त्याला संध्याकाळी गावदेवीसमोरच्या ओट्यावर आणून बसवलं. तिथे गावच्या बायका सुका जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, निवडायच्या. एकीचं सूप दुसरीच्या मांडीवर आणि तिसरीच्या सुनेची उणीदुणी चौथीच्या तोंडी. पुरुषाने बायकांत बसू नये म्हणतात, पण न बोलणारा पुरुष कुठेही खपतो. शेजारची म्हातारी काशी त्याच्यापुढेही मूठभर जवळा सरकवायची.

एके दिवशी तो तिच्या सुपात डोकावून म्हणाला, "काकी, तुजे जवल्यान केर हाय."

दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही खोडी काढणारं. भागीरथी तोंडात पदर कोंबून रडली. काशी म्हणाली, "बोलला तो बोलला, नावं ठेवायला माजाच जवला गावला मेल्याला."

ही बातमी नामदेवशेठच्या कानावर गेली. शेठचीही शेती गेली होती, पण ते गप्प न बसता बिल्डर झाले होते. मनाच्या आजारासाठी आणि समाजसेवेसाठी सरकार अनुदान देतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी लगोलग मंडळ स्थापलं (अध्यक्ष स्वतः, चिटणीस मेहुणा, महिला प्रतिनिधी मेहुण्याची बायको) आणि पाहणीसाठी अनुदान खात्याच्या श्यामसुंदरसाहेबांना थेट ओट्यावर आणलं.

साहेबांनी कार्य मनापासून वाखाणलं. मग किरकोळ त्रुटी नोंदवल्या. एक, संस्थेला भिंती नाहीत. दोन, स्त्रीपुरुष एकत्र बसतात. तीन, वास येतो. चौथी त्रुटी मात्र गंभीर होती.

"हा तर बोलतोय," साहेब म्हणाले. "मग रुग्ण कुठाय?"

"होईल साहेब," शेठ म्हणाले. "इमारत झाली की तेही होईल."

शेठ शब्दाचे पक्के. ओटा फोडून त्याच जागी केंद्र उभं राहिलं. (कोणी बांधलं, हे विचारणाऱ्याचं मन तपासायला हवं.) लोखंडी फाटक, पहारेकरी, आणि आत भिंतीवर 'मन मोकळे करा' अशी निळी अक्षरं. जवळ्याला बंदी, बायकांना मंगळवारी प्रवेश. दत्तूला त्या अक्षरांसमोर, खिडकीलगत खुर्ची मिळाली. महिन्याभरात तो पुन्हा मुका झाला. म्हणजे बघा, आधी केंद्राकडे एकही रुग्ण नव्हता. इमारत झाल्यावर वाढ शंभर टक्के.

भागीरथी शेठकडे गेली. "माजा मानूस परत मुका झाला, शेठ. आमचा ओटा आमाला द्या."

"वयनी, ओट्याला अनुदान नाय."

शासनाचं धोरण इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितलं असेल. भागीरथीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती आणि काशी सुपं घेऊन फाटकाबाहेर गटाराच्या कठड्यावर बसल्या. निवडलेल्या जवळ्यात भागीरथीने मुद्दाम मूठभर काड्या मिसळल्या आणि सूप दत्तूच्या खिडकीकडे कलतं धरलं. पहारेकऱ्याने हटकलं, तर काशीने त्याचा गाव विचारला, मग आई विचारली, मग त्यालाही एक सूप दिलं.

चौथ्या संध्याकाळी दत्तू खुर्ची सोडून बाहेर आला. खिडकीतून पाहून पाहून त्याला असह्य झालं असावं. "अगो, जवला कुठं हाय यान? सगला केरच हाय."

भागीरथीने मान वर केली नाही. नुसती सरकून जागा केली.

तेवढ्यात नामदेवशेठ नाकाला रुमाल लावून धावत आले. "वयनी, पाया परतो तुमच्या. मार्चपर्यंत तेवढा त्याला बोलू देऊ नका. पाहणी हाय."

"बसा शेठ," भागीरथी म्हणाली. "हात चालवा. तुमची आय याच बायांच्या वलीत बसायची."

शेठ बसले नाहीत. सफारीला वास लागला असता.

शेवटी तडजोड झाली. पाहणीच्या दिवशी दत्तू खुर्चीवर बसून भिंतीकडे बघतो, आणि एरवी कठड्यावर बसून काशीच्या जवळ्याला नावं ठेवतो. साहेब दर वर्षी लिहितात: रुग्णसंख्या कायम, सुधारणा नाही, सबब अनुदान चालू ठेवावे.

तेव्हा तुमच्या घरात कोणी बोलेनासं झालं असेल, तर घाबरू नका. निळ्या अक्षरांची इमारत कोणीही दाखवील. एकदा नेऊन सोडलं की झालं. शेजारी बसायला तुम्हाला वेळ नसणार, हे गृहीत धरूनच ती बांधलेली आहे.