कंटेनरमागे एक तक्रार

"आमना सरपंच गधडा शे! आते तू बोल!"

नाना फोनवर ओरडले, तशी सावद्याजवळच्या आमच्या पॅकिंग शेडवरची कबुतरं उडाली ती थेट जामनेरात उतरली. गधडा ठरलेले सरपंच शेजारीच बसून चहात टोस्ट बुडवत होते.

पलीकडे सलीम. समुद्रापारच्या एका देशात नानांची केळी घेणारा व्यापारी. देशाचं नाव घेत नाही. तिथं सरकारविरुद्ध शिंकलं तरी रुमाल जप्त होतो. सलीम पुण्यात शिकून गेलेला, त्यामुळे त्याचं मराठी मूळच्या धुळ्याकडच्या आमच्या नानांपेक्षा शुद्ध.

निर्यातीचे कागद मी करतो. पण नानांची खरी अट कुठल्याच कागदावर नाही. दर कंटेनरमागे एक तक्रार. एक नाना आपल्या गावाबद्दल करणार, एक सलीमनं त्याच्या देशाबद्दल करायची. "केळं जातीन तठे गप्पा बी जातीन," नाना म्हणत. "गप्पा गयात का कुलूप टिकत नही!"

आठ वर्षांत नानांनी गटार, रस्ता, सरपंच आणि सख्खा मेहुणा, कुणाला सोडलं नाही. सलीमचं उत्तर ठरलेलं: "इथे सगळं छान आहे, नाना."

"जठे बठ्ठं छान शे, तठे मानूस घाबरेल शे!" फोन ठेवून नाना आमच्यावर डाफरत.

आणि गेल्या वर्षी एकदा सलीम हळूच बोलून गेला, "नाना, इथली वीज रोज जाते."

नानांनी शेडभर पेढे वाटले. सरपंचांना दोन. "आख्खा देश उघडना!"

पुढच्या आठवड्यात फोन सलीमच्या भावानं उचलला. सलीमला चौकशीला नेलं होतं.

नानांनी फोन माझ्या हातात दिला. मग महिनाभर शेडमध्ये अशी शांतता, की केळी पिकल्याचा आवाज यावा. शेवटी सरपंचांनाच राहवेना. "नाना, माझं काही चुकलं का? नळाला तीन दिवस पाणी नाही, काहीतरी बोला की!"

"मन्ही जीभ त्याले भोवनी," नाना एवढंच म्हणाले.

एका दुपारी फोन वाजला. सलीम! सुटून घरी आला होता. नाना उभे राहिले, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांचा हळू आवाज ऐकला.

"भाऊ, तू काहीच बोलू नको. आठे बठ्ठं छान शे. सरपंच तर देवमानूस शे."

सरपंचांचा टोस्ट चहात बुडाला.

पलीकडून सलीम म्हणाला,

"नाना, इथली वीज अजून जाते."